गोंदणाचे तीन ठिपके

मागच्या हिवाळ्यात माझ्या पहिल्या शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. शाल, नारळ, गुलाबाचं एक फूल, सगळं रीतसर झालं. मग नव्या प्राचार्या मला हाताला धरून त्यांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटापाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, ये आपके जमाने की है.’’ कपाटाच्या मधोमध खो-खोची ती ढाल होती. लाकडी, वर पितळेचा पत्रा, पत्र्यावर शाळेचं नाव. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी आता गावभर उडते, ती बाकीच्या कपांवर जाड बसली होती. पण ही ढाल कुणीतरी मुद्दाम घासून चकचकीत ठेवली होती. मी पदर तोंडाला लावला. प्राचार्यांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. त्यांनी अभिप्रायाची वही पुढं केली. मी एकच ओळ लिहिली, ‘ही ढाल कपाटातून काढावी.’ खाली सही, आणि सहीखाली बी.ए., बी.पी.एड. मराठीत लिहिलंय एवढं पाहून त्यांनी ते न वाचताच हात जोडले आणि ‘‘बहुत सुंदर’’ म्हणाल्या.

मुलांची आणि खेळांची एवढी आवड तुम्हाला कशी लागली, असं लोक मला नेहमी विचारतात. त्यांना गोड उत्तर हवं असतं. लहानपणी मैदान होतं, चांगले गुरुजी भेटले, आशीर्वाद मिळाले, वगैरे. मैदान होतं, हे खरं आहे. पण मी शिक्षिका कशी झाले ते आठवायला बसले की मला आधी किळस येते, आवड तिच्या मागून येते. किळस थोडी दुसऱ्यांची, जास्त माझी स्वतःची. आता या वयात कुणाला काय वाटेल याची फिकीर उरलेली नाही, म्हणून हे लिहिते.

आम्ही रेल्वेवाले. बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर, मूळचे वरुडकडचे. आईचं माहेर वर्धेजवळ. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं तुळस, मागं कढीपत्ता, आणि दिवसाची सुरुवात कारखान्याच्या भोंग्यानं. भोंगा वाजला की आईचा तवा चुलीवर चढलेला असायचा. दुपारभर लोखंडावर हातोडे पडण्याचा आवाज यायचा, आणि तो थांबला की आम्हाला घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. छत्तीसगडात राहून आम्ही भात खायला शिकलो होतो, पण आईच्या हातात तो वऱ्हाडीच व्हायचा. गोळाभात, त्यात बेसनाचे गोळे, वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. ती चर्रर्र झाली की शेजारची छत्तीसगडी काकू भिंतीपलीकडून ठसकत विचारायची, ‘‘का बनाए हस, बाई?’’ आणि वाटी भिंतीवरून पुढं करायची.

बाबांची एक सवय होती. वॅगन दुरुस्त करून बाहेर सोडली की तिच्या कोपऱ्यात ते खडूनं आपला टोकन नंबर लिहायचे. साहेबांनी सांगितलेलं नव्हतं, बाकीचे फिटर हसायचे. दुसऱ्या स्टेशनापर्यंत तो पुसला जात असणार. मी लहान असताना एकदा विचारलं, बाबा, काहून लिहिता? ते म्हणाले, ‘‘मीनं केलं ना? मंग माह्यं नाव नको काय त्याच्यावर?’’ मला ते तेव्हा फुशारकीचं वाटलं होतं.

मी कॉलनीच्या मैदानावर खो-खो खेळायची. आईला ते मुळीच आवडायचं नाही. ‘‘एवढी मोठी घोडी झाली अन् उड्या मारून राह्यली. तुह्या पायाले शिलाई मारून देतो थांब!’’ असं म्हणत ती खरोखर शिलाई मशीनकडं बोट दाखवायची. पण माझ्या फाटलेल्या सलवारी त्याच मशीनवर तीच शिवून द्यायची. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी ही वस्तू पहिल्यांदा माझ्याबरोबर घरात आली. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. बाबांनी ते कागद फ्रेम करून दाराच्या बरोबर समोर लावले आणि दूधवाल्यालासुद्धा उभं करून वाचून दाखवले. दूधवाल्याला वाचता येत नव्हतं आणि बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण दोघांचंही त्या दिवशी समाधान झालं.

नोकरी नानासरांनी लावून दिली. नानासर म्हणजे माझ्या त्या पहिल्या, मुलींच्या शाळेतले खेळांचे जुने शिक्षक. त्यांचं घराणं रायपुरात भोसल्यांच्या काळापासूनचं. आमच्यासारख्या नंतर आलेल्या मराठी लोकांना ही जुनी मंडळी ‘रेल्वेवाले’ म्हणत, प्रेमानं म्हणत असं ती समजत. मंडळाच्या गणपतीत नानासरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘‘मुलगी खेळते, शिकलेली आहे, आपल्यातली आहे. मेरे नीचे रहेगी, सीख जाएगी. एक वर्ष कच्ची, मग पक्की करून टाकू.’’ बाबा दोन दिवस नुसते हसत होते.

मुलींसमोर पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हाच मला कळलं की मला दुसरं काही करायचं नाही. हे मात्र मी गोड करून सांगत नाही, जसं झालं तसंच सांगते. शाळेचं मैदान म्हणजे मुरूम आणि दगड. आठ दिवस मी आणि पोरींनी ओंजळी ओंजळींनी दगड वेचले, कुंपणाशी ढीग घातला, सालवृक्षाच्या लाकडाचे दोन खांब रोवले, संध्याकाळी पाणी मारलं. सकाळी त्या बोरे-बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खाऊन यायच्या. धावताना पोटात पाणी डुचमळतंय म्हणून हसायच्या आणि हसता हसता खाली बसायच्या. मी शिटी तोंडात धरून त्यांच्यावर ओरडायची आणि घरी जाताना सायकलवर एकटीच गाणं म्हणायची.

त्यांच्यात बिसाहिन होती. शाळेमागच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, तेरा वर्षांची, सावळी, काटकुळी. आई बांधकामावर घमेली वाहायची, बाप परगावी कामाला. तिच्या आधीची तीन भावंडं वाचली नव्हती, म्हणून ही जन्मल्यावर तिकडच्या रीतीप्रमाणे आईनं तिला सुपात घालून सुईणीला देऊन टाकलं आणि पसाभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. देवाच्या नजरेत ही परक्याची झाली, आता तो नेणार नाही. विकत घेतलेली म्हणून बिसाहिन. हे तिनंच मला सांगितलं, एखादा पराक्रम सांगावा तसं. ती खांबाला हात लावून वळायची तेव्हा पुढचा गडी कुठं गेला हे पाहायची गरजच तिला पडत नसे. तिला ते पाठीतून कळायचं. मी स्वतः बरी खेळाडू होते, म्हणून खात्रीनं सांगते, अशी पोर मी नंतरच्या सगळ्या नोकरीत दोनदाच पाहिली.

जिल्ह्याच्या स्पर्धेचे फॉर्म आले. प्रत्येकीचा एक. फोटो, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, ओळखीची खूण, आणि फोटोवर अर्धा नि कागदावर अर्धा असा शाळेचा शिक्का. माझं अक्षर चांगलं, आणि शिकलेपणाचा ताठाही होता, त्यामुळं मी एकेकीला समोर उभी करून, खूण स्वतः पाहून लिहीत गेले. बिसाहिनच्या डाव्या मनगटावर देवारिनीनं, म्हणजे तिकडच्या गोंदणाऱ्या बाईनं, काढलेले तीन हिरवे ठिपके होते. मी लिहिलं, ‘डाव्या मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके.’ पंडरीच्या कापडबाजारातून कापड आणलं, आईनं मशीनवर बारा निकर-ब्लाउज शिवले, पांढऱ्या कापडाचे नंबर कापून पाठीवर लावले. बिसाहिन पाच नंबर. आई म्हणाली, ‘‘हा पाच कोणाचा वं? सगळ्यात बारका हाय.’’ मी म्हणाले, आई, सगळ्यात पुढं तोच पळणार आहे.

चार दिवसांनी नानासरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर बिसाहिनचा फॉर्म होता.

‘‘हे काय लिहिलंस, कुंदा?’’

‘‘खूण, सर. आहे तिला.’’

‘‘अगं, सारी दुनिया ‘गालावर तीळ’ लिहिते. तीळ कोणाला नसतो? आता या मुलीला मी गोदना कुठून आणू?’’

‘‘कोणत्या मुलीला?’’

तेव्हा मी फॉर्म नीट पाहिला. फोटो दुसरीचा होता. जुना ब्लेडनं खरवडून काढला होता, नवा चिकटवला होता, शिक्क्याचा अर्धा गोल निळ्या पेननं पुरा केला होता. ती दुसऱ्या गावची, कॉलेजात शिकणारी मोठी खेळाडू होती. बुटकी असल्यामुळं दोन वेण्या घातल्या की शाळेत खपून जाईल, असं सरांचं गणित. कोऱ्या फॉर्मांवर नंबर असायचे, म्हणून नवा आणता येत नव्हता. माझ्या सुबक अक्षरातली ती एक ओळ तेवढी त्यांना अडली होती.

‘‘सर, बिसाहिन आपल्या टीममधली सगळ्यात...’’

‘‘माहीत आहे. पण बाकीच्यांचे बाप उद्या शाळेत येऊन विचारतील. हिचं कोण येणार आहे? आणि रंग जुळतो.’’ त्यांनी चहाचा घोट घेतला. बशीत माशी पडली होती, ती बोटानं काढून टाकली आणि राहिलेला चहा प्यायले. ‘‘सगळे असंच करतात. तू नवी आहेस. आपल्यातली म्हणून तुला लावलं, नाहीतर लाइन लगी थी. मार्चमध्ये तुला पक्कं करायचंय ना?’’

मी काही बोलले नाही. लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की इथं स्वतःसाठी एखादं चांगलं वाक्य शोधायचं नाही. म्हणून तेवढंच लिहिते. बी.ए., बी.पी.एड. झालेली मी तिथं उभी होते, आणि मी काही बोलले नाही.

बिसाहिनला सांगायचं काम माझ्याकडंच आलं. मी म्हणाले, तुझं नाव वरून कापलं गं. ‘‘कोन काटिस?’’ तिनं विचारलं. कोणी कापलं? ऑफिसनं, मी म्हणाले. ‘‘हव,’’ ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पाच नंबरचा ब्लाउज धुऊन, घडी घालून परत दिला. त्यानंतरचा आठवडा आठवला की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. नवी मुलगी सरावाला आली. सवय व्हावी म्हणून तिला सगळ्यांनी बिसाहिनच म्हणायचं, असा सरांचा हुकूम. पहिल्या दिवशी पोरी अडखळल्या, एकमेकींकडं बघून फिसकन हसल्या. सात दिवसांत त्या तरबेज झाल्या. धड खो द्यायला शिकवायला मला तीन महिने लागले होते, खोटं बोलायला त्या सात दिवसांत शिकल्या, तेही माझ्याच मैदानावर, माझ्याच शिटीवर. त्या मोठ्या मुलीचं खरं नाव काय, हे मी विचारलंसुद्धा नाही. ती बिचारी एकटी कुंपणाशी डबा खायची.

सामन्याच्या दिवशी प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर सगळ्या शाळांच्या पोरी उन्हात रांगेत उभ्या. दोघी चक्कर येऊन पडल्या, त्यांना मांडवाच्या कडेला केळ्यांच्या सालांत झोपवलं. पाहुण्यांनी खेळाच्या पवित्र भावनेवर भाषण केलं आणि भाषण संपल्या संपल्या मोटारीत बसून गेले. मग माइकवरून आमच्या संघाची नावं पुकारायला सुरुवात झाली. एक नंबर, दोन नंबर. ‘‘पाच नंबर, बिसाहिन!’’

आणि दोरीपलीकडच्या गर्दीतून, दोरीखालून वाकून, बिसाहिन धावत आली. खरी. पाऱ्यातल्या पोरींबरोबर ती सामना बघायला आली होती, तेल लावून, केस विंचरून. तिच्या तोंडावरचं ते हसू मी कसं सांगू? माझ्यापर्यंत पोचून ती धापा टाकत म्हणाली, ‘‘दीदी, मोला बलावत हें!’’ मला बोलावताहेत. तिला वाटलं, ऑफिसनं कापलेलं नाव परत जोडलं.

नानासर माझ्या मागं उभे होते. त्यांनी घसा खाकरला.

मी म्हणाले, ‘‘ती दुसरी बिसाहिन आहे. तू जा.’’

तिनं मैदानाकडं पाहिलं. पाच नंबरचा ब्लाउज पाहिला, आमच्या आईनं शिवलेला. मग माझ्याकडं पाहिलं. ‘‘हव,’’ म्हणाली आणि आली तशीच दोरीखालून वाकून गेली.

पहिला डाव संपला तेव्हा त्या मोठ्या मुलीच्या मनगटावर सरांनी शाईनं काढलेल्या ठिपक्यांचा घामानं पसरून नुसता डाग झाला होता. सर माझ्या कानाशी आले. ‘‘काजळ असेल ना तुझ्या पर्समध्ये? पटकन.’’ काजळ होतं. आईनं घरी धरलेलं, पितळेच्या डबीत. मी पदरानं तिचं मनगट पुसलं, करंगळी काजळात बुडवली आणि एका ओळीत तीन ठिपके काढले. ती हात पुढं करून दुसरीकडं बघत होती, सुई टोचून घेताना बघतात तसं. मी मान वर केली तर दोरीपाशी बिसाहिन माझी करंगळी बघत उभी होती. आम्ही सामना जिंकला. तीच ती ढाल.

प्रमाणपत्र अर्थात बिसाहिनच्या नावाचं आलं. नानासरांनी मोठ्या मनानं ते तिलाच देऊन टाकलं, ‘‘ले, तेरा ही नाम है.’’ आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळचा भोंगा वाजून गेल्यावर तिची आई आमचं क्वार्टर शोधत आली, अंगावर सिमेंटची धूळ, हातात फडक्यात बांधलेली ठेठरी आणि खुरमी. तिकडं सणालाच करतात हे पदार्थ. दाराबाहेरच बसली, आत येईना. ‘‘मोर नोनी के नाव छपे हे,’’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझ्या मुलीचं नाव छापलंय. आईनं तिला चहा दिला, बाबांनी ठेठरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, कुरकुरीत झालीय म्हणाले. माझ्या हातातला तुकडा तोंडापर्यंत जाईना.

ती गेल्यावर आईनं विचारलं, ‘‘काहून वं, तोंड फिरवून राह्यली? तुह्यासाठी आणलं तिनं.’’

मी सगळं सांगितलं. काजळासकट. आईनं मधेच डबीकडं पाहिलं.

बाबा बराच वेळ चावत राहिले, मग उठून मोरीत चूळ भरून आले. ‘‘ते पोट्टी खेळली काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तिचं नाव काहून? अन् जी खेळली, तिचं कुठी गेलं?’’

‘‘आता बोलून नोकरी जाईन हिची,’’ आई म्हणाली. ‘‘कुठी काय बोलू नको, कुंदे. पुढच्या साली दे खेळू तिले.’’

‘‘जाईन तं जाईन,’’ बाबा म्हणाले आणि ठेठरीचं फडकं तसंच बांधून फळीवर ठेवून दिलं.  भिंतीवरच्या फ्रेमकडं त्यांनी पाहिलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

पुढचा सामना विभागाचा होता, शेजारच्या जिल्ह्याच्या गावी. नानासर आदल्या दिवशीच गेले. मोठी मुलगी परस्पर तिथं पोचणार होती, टीमला बसनं न्यायचं काम माझं. सकाळी मी पाऱ्यात गेले, बिसाहिनच्या आईला सांगितलं, हिला खेळायला नेते. पाच नंबर शिवलेला दुसरा ब्लाउज माझ्या पिशवीत होता. आईनं रातोरात शिवून दिला होता. बसमध्ये पोरी बिसाहिनकडं बघायला तयार नव्हत्या. मग त्यांच्यातली एक उठून तिच्या शेजारी बसली, तिला फुटाणे दिले, आणि मला वाटलं, झालं, आता सगळं नीट होणार. किती अडाणी होते मी, एवढी शिकून!

तपासणीच्या टेबलाशी एक अधिकारी होते. त्यांनी फॉर्म उघडला, फोटो बघितला, बिसाहिनला बघितलं.

‘‘ये वो नहीं है.’’

‘‘सर, हीच आहे. खूण बघा,’’ मी म्हणाले आणि तिचं मनगट पुढं केलं.

‘‘गोदना तो इधर सबके होता है. फोटोवाली कहाँ है?’’ आणि तिच्याकडं वळून ते ओरडले, ‘‘नकली बनकर आई है? शरम नहीं आती?’’

तेवढ्यात नानासर आले, मागं ती मोठी मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, मनगटावर ताजे तीन ठिपके. टेबलावर दोन मनगटं शेजारी शेजारी आली. एक गोंदलेलं, एक रंगवलेलं. अधिकाऱ्यांनी फोटोकडं पाहून रंगवलेल्या हाताशी टिक केली. मी पुढं काही बोलायच्या आत बिसाहिननं काय केलं, तर अंगठा जिभेला लावला आणि स्वतःच्या मनगटावरचे ठिपके कराकरा घासले. कातडी लाल झाली, ठिपके हलले नाहीत. मग तिनं शांतपणे त्या मोठ्या मुलीचा हात धरला आणि त्याच अंगठ्यानं एकदा पुसलं. टेबलाच्या पांढऱ्या कापडावर काळा ओरखडा पडला. मोठी मुलगी रडायला लागली.

मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. काही कोसळलं नाही. अधिकाऱ्यांनी कंटाळून उसासा टाकला. ‘‘मॅडम, पहली बार आई हैं क्या? तमाशा मत कीजिए. दोनों को बाहर बिठाइए, बाकी टीम खेल लेगी.’’ आणि यादी माझ्यापुढं सरकवली. ‘‘पाच नंबर के आगे लिखिए, अनुपस्थित. नीचे साइन.’’

नानासर हळू आवाजात मराठीत म्हणाले, ‘‘कुंदा, लिही अन् मोकळी हो. बाकी अकरा पोरींचा विचार कर. मार्चमध्ये पक्की होशील. तुझ्या बापाला कसले दिवस दाखवणार आहेस?’’

अकरा पोरी मागं उभ्या होत्या. केस घट्ट बांधलेल्या, बुटांच्या नाड्या दोनदा तपासलेल्या. बिसाहिन माझ्या समोर उभी होती, माझा एक हात तिच्या मनगटावर होता, आणि दुसऱ्या हातानं मला लिहायचं होतं, अनुपस्थित. एक शब्द. पुढं आयुष्यभर मी हजारदा हजेरी घेतली, पण ज्या हजेरीनं मला शिक्षिका केलं, ती ही. मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘‘ती इथं उभी आहे, सर. मी लिहिणार नाही.’’

संघ बाद झाला. नानासर अधिकाऱ्यांना म्हणाले, ‘‘रेल्वेवाले हैं, साहब,’’ आणि दोघं हसले. ते हसू मला अजून दिसतं. त्यात राग असता तर मी विसरलेही असते.

मार्च यायच्या आधी मला काढलं. वर्षभर बाबांच्या पगारावर बसून खाल्लं, मग दुसऱ्या एका शाळेत लागले आणि तिथं मान वर करून निवृत्त होईपर्यंत राहिले. तिथंही तेच फॉर्म, तेच ब्लेड, तेच पाहुणे. मी माझ्यापुरतं कुठं होऊ दिलं नाही, जगात थांबवू शकले नाही. बिसाहिनचं पुढं काही मोठं झालं असतं तर इथं लिहायला बरं वाटलं असतं. दुसऱ्या वर्षी तिनं शाळा सोडली आणि आईबरोबर घमेली वाहायला गेली. त्या अकरा पोरींपैकी एक मला काही वर्षांपूर्वी शंकर नगरच्या बाजारात भेटली, नातवाचं बोट धरून. ‘‘दीदी, उस दिन हम जीत जाते,’’ म्हणाली. खरं असेल. मी तिची माफी मागितली नाही आणि तिनंही मला माफ केलं नाही.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये अकरा जणी मागं बसून रडत होत्या. काही रागानं मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पुष्कळ वेळानं बिसाहिन मागून उठून आली आणि तिथं बसली. न खेळलेला पाच नंबर तिच्या अंगात होता. मी बाहेर बघत होते. तिनं माझ्या मांडीवर आपला डावा हात ठेवला, पालथा करून, गृहपाठाची वही दाखवावी तसा.

‘‘ओ दिन गलत बनाए रहेव, दीदी,’’ ती म्हणाली. त्या दिवशी तुम्ही चुकीचं काढलं होतं. ‘‘मोर बीच वाला थोरकन ऊपर हे.’’

तक्रार नव्हती. गणितात चूक दाखवतात तसं दाखवत होती.

मी तिचा हात खिडकीच्या उजेडात धरला. घासल्यामुळं कातडी अजून लाल होती. खरंच, मधला ठिपका बाकी दोघांच्या जरा वर होता. फॉर्म लिहिताना ती माझ्यासमोर उभी होती, मनगट माझ्या हातात होतं, आणि मी तीन मोजले होते. पाहिलं नव्हतं.